कोपऱ्यातल्या सोफ्याचा काथ्या

मी देवाला हात जोडतो, पण भुताला कधी घाबरलो नाही. आमच्या गावात चिंचेखाली, पडक्या विहिरीत, शाळेमागे, सगळीकडे काही ना काही असायचं म्हणे. लहानपणी पैज लावून मी त्या सगळ्या जागी जाऊन लघवी करून आलोय. काही झालं नाही. त्यामुळे या सदरातले अनुभव वाचताना मला हसू येतं आणि बायको रागावते.

पण एक गोष्ट माझ्याकडेही आहे. तीत पांढरी साडी नाही, अमावस्या नाही. जे झालं ते दिवसाढवळ्या, माणसांच्या देखत. आणि ते घाण आहे... जेवता जेवता वाचत असाल तर ताट संपवा, मग पुढे वाचा.

मी वाशीमकडचा. सातवीत शाळा सुटली. अकोल्याला एका दुकानात गादीकाम शिकलो—सोफे, खुर्च्या, टॅक्सीच्या सीटा. ऐंशी सालानंतरची गोष्ट, चार-पाच वर्षं इकडे-तिकडे. गावचा एक जण म्हणाला, वसईला गोखिवऱ्यात कारखानेच कारखाने आहेत, चल. गेलो. पॅकिंगच्या कामाला लागलो आणि दोन महिन्यांत कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे. खोलीतल्या पोरांनी माझी वळकटी दाराबाहेर ठेवली. त्यांचंही चूक नव्हतं.

शेजारच्या शेडमध्ये पास्कल मेस्त्रींचं गादीकाम चालायचं. ते वसईच्या पश्चिमेकडच्या एका गावातले, ख्रिस्ती, पन्नाशीचे. मी वळकटीवर बसलो होतो. ते आले, माझी पापणी अंगठ्याने खाली ओढून बघितली आणि म्हणाले, "सुई धरता येते का?"

"येते जी."

"मग आधी बरा हो. चल."

असं मला कुणी सख्ख्यानंही नेलं नसतं. त्यांच्या घरी रोझमावशी—त्यांची बायको. लेक लग्न होऊन गेलेली, दोघंच राहायची. आमचं घर माळकरी, मी मासळी-मटण खात नाही. हे कळल्यावर मावशींनी एक नवं पातेलं काढलं, कडेला खिळ्याने खूण केली आणि म्हणाल्या, "हे तुझं. याला मासळीचा चमचा लागणार नाही." चाळीस दिवस मऊ भात आणि ताक त्या पातेल्यातून दिलं. मी बरा झालो. मग मेस्त्रींकडेच कामाला राहिलो, त्यांच्याच पडवीत झोपायचो. बाविशीतला गडी मी, पण त्या पातेल्याकडे बघून डोळे भरून यायचे. आणि एक भीती कायम पोटात... काही चुकलं आणि यांनी काढून टाकलं, तर कुठं जाऊ?

ही भीती ध्यानात ठेवा. पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

त्या वर्षी मेस्त्रींना आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मिळालं. मुंबईच्या एका कंपनीच्या तीन बोटी होत्या—मच्छीमारीच्या नव्हे, श्रीमंतांच्या सहलीच्या. मोठ्या हॉटेलांत उतरलेले पाहुणे संध्याकाळी त्यांत बसायचे. आत गालिचा, बार, बाजा, जेवण. पावसाळ्यात सगळं बंद. तेव्हा कंपनीने तिन्ही बोटी अर्नाळ्याला किनाऱ्यावर ओढून घेतल्या होत्या. तळ आणि रंगाचं काम तिथले सुतार करणार. आणि सीटा, सोफे, पडदे आमच्याकडे. नारळी पौर्णिमेनंतर बोटी पुन्हा पाण्यात.

मापं घ्यायला आम्ही अर्नाळ्याला गेलो. मी आधी समुद्र पाहिला नव्हता. पाहिला तो असा की नाकावर रुमाल. काठ्यांवर उरलेले बोंबील, वाळूत कुजणारी जाळी, डांबर, डिझेल... दुसऱ्या बोटीचा तांडेल, म्हणजे ती चालवणारा, अर्नाळ्याचाच होता. तो माझ्याकडे बघून हसला. "काय रे घाटावरच्या, समिंदराचा वास येतो? तुझ्या पान्याला वासच नाय वाटतं!"

कंपनीचे मॅनेजर कामत साहेब पांढरे बूट घालून चिखलातून आले. हातात गेस्टच्या तक्रारींची वही. "मेस्त्री, हा आमचा फ्लीट. गेस्ट आत आला की त्याला घर विसरता आलं पाहिजे. रेक्झीन मरून कलरचं, पायपिंग सोनेरी. टोचलं नाही पाहिजे, करकरलं नाही पाहिजे. गेस्टला फील आला पाहिजे, फील!"

दुसऱ्या बोटीत मागच्या डाव्या कोपऱ्यात अर्धगोल सोफा होता, सहा माणसांचा. भंगारात निघालेल्या कुठल्यातरी मोठ्या परदेशी जहाजावरून उचललेला, असं साहेब म्हणाले. जवळ गेलो तर वास. मासळीचा नाही. कुणी तोंड उघडून अगदी जवळून बोलावं, तसा.

"याचा फक्त वास घालवा," कामत साहेब म्हणाले. "बाकी याला फार छेडू नका. हे आमचं सगळ्यात चांगलं टेबल. इथं बसलेला गेस्ट खातच राहतो."

तांडेल माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आमी कोन बसत नाय त्यावर."

"का?"

"भूक लागते."

"मग?"

"मग काय! जेवून आलेल्या मानसाला घरवाली दुसऱ्यांदा वाढते काय रे?" आणि तो खो-खो हसला. मीपण हसलो.

तिन्ही बोटींचं सामान टेम्पोने गोखिवऱ्याला आलं. आमच्या धंद्यात एक रीत आहे. सीट जो उसवतो, आतून जे पडेल ते त्याचं. नाणी, कंगवे, नशिबात असेल तर कानातलं. त्यामुळे उसवायचं काम मी हौसेने घेतो. पण तेव्हा जी किळस आली... श्रीमंत माणसं बसतात त्या फटींत काय काय असतं, काय सांगू. विझवलेल्या सिगारेटी, चोखून टाकलेली कोंबडीची हाडं, लिपस्टिक पुसलेले कागद, कापलेली नखं. पायाची नखं! बाज्याच्या तालावर बसून कुणी पायाची नखं कापली असतील? रोज संध्याकाळी मी राखेने हात घासायचो.

कोपऱ्यातला सोफा शेवटी घेतला. रेक्झीन काढलं, खालचं गोणपाट काढलं. आणि हात मागे घेतला.

काथ्यात गोळे होते. अन्नाचे. उष्टं नव्हतं ते, चावलेलं होतं. उष्टं म्हणजे ताटात उरलेलं. हे दातांखाली जाऊन लाळेत भिजून मऊ झालेलं, गिळायच्या बेताचं, घासाएवढं. शेकडो घास. खालचे वाळून तपकिरी झालेले, वरचे ओलसर, त्यांवर केसांसारखी पांढरी बुरशी. एकात मटाराचं साल दिसत होतं, एकात कोळंबीचं शेपूट. मी शेडबाहेर जाऊन ओकलो.

मेस्त्री आले, त्यांनी वाकून बघितलं. "उंदीर. उंदीर साठवतात असं."

"पण मेस्त्री, गोणपाट तर कुठं कुरतडलेलं नाही. खिळेपण जुने, गंजलेले. कुणी उघडलंच नाही आजवर."

"मग काय गेस्टनी रेक्झीनमधून आत ढकललं? जास्त डोकं नको चालवू. सगळं जाळ. काथ्यासकट. एक धागासुद्धा ठेवू नको."

आता माझी चूक ऐका. गादीवालाच करेल अशी चूक.

घाण होती ती वरच्या थरात. खालचा काथ्या... काय सांगू, तसा काथ्या मी पुन्हा पाहिला नाही. लांब धागा, सोन्यासारखा, दाबला की उसळी मारून वर. पावसाने ट्रक अडकले होते, नवा काथ्या येत नव्हता. मेस्त्री रोज दोनदा रस्त्यावर जाऊन बघायचे, कपाळ चोळत परत यायचे. जुना काथ्या धुऊन, पिंजून परत वापरणं हे आमच्यात सर्रास चालतं. मला वाटलं, मेस्त्रींची चिंता मी मिटवतो. वरचा थर जाळला. खालचा सोड्याच्या पाण्यात तीनदा उकळला. शेजारच्या कारखान्याच्या बॉयलरची भिंत गरम असते, तिला लावून वाळवला. हाताने एक-एक धागा सोडवला. नाकाशी धरला—फक्त साबणाचा वास. त्यानेच तो सोफा भरला आणि मेस्त्रींना सांगितलं, "नवा आला होता थोडा, त्यातला."

थोडा काथ्या उरला.

मावशी तेव्हा घरी सगळ्या सीटांच्या खोळी आणि सोनेरी पायपिंग शिवत होत्या. दिवसभर मशीनवर, लाकडी स्टुलावर. उठताना कंबर धरायच्या. उरलेल्या काथ्याची मी त्यांच्या स्टुलासाठी जाड गादी केली, चारी कडांना दुहेरी टाका. मावशी बसल्या, दोनदा उसळल्या आणि हसल्या. "अगो बाई! मीच गेस्ट झाले की. लेकीनं कधी केलं नाही ते या वऱ्हाड्यानं केलं."

त्या दिवशी मला इतका आनंद झाला की झोप लागेना.

मग शेडमध्ये पाणी शिरलं. बसायला कोरडी जागा राहिली नाही. मेस्त्रींचा नियम होता—गिऱ्हाइकाच्या सीटवर बसून खायचं नाही. पण मेस्त्री अर्नाळ्याला होते. माझ्या मायनं गावच्या माणसाबरोबर जवसाची चटणी पाठवली होती, सोबत ज्वारीचं पीठ आणि चिठ्ठी—"पोटाले आधार ठेव." भाकरी करून घेतल्या होत्या. तीन दिवस मी दुपारी त्या कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसून भाकर-चटणी खाल्ली.

पहिल्या दिवशी चार वाजता भूक लागली. दुसऱ्या दिवशी ताट धुवायच्या आत. तिसऱ्या दिवशी घरी जाऊन मी सात भाकऱ्या आणि पातेलंभर भात खाल्ला, तरी पोट पाठीला. मावशी म्हणाल्या, "कावीळ निघून गेली, आता राक्षस शिरला काय रे?"

चौथ्या दिवशी शेडमध्ये पुन्हा तोच वास. तोंडाचा.

मेस्त्री सोफ्याभोवती फिरले, वाकले, हुंगले. काही न बोलता पाठीमागची शिवण उसवली, हात आत घातला आणि मूठ बाहेर काढून माझ्यासमोर उघडली. चावलेल्या ज्वारीच्या भाकरीचा घास. त्यात काळे-तपकिरी चमकणारे दाणे.

"हे काय आहे?"

दाणे मी लगेच ओळखले.

"जवस ना? वसईत जवस कोण खातं, सांग मला. अख्ख्या तालुक्यात तुझ्याशिवाय कोण खातं?"

"मी नाही थुंकलो जी. मायची आन."

मेस्त्रींनी शिवणीचं टोक वर केलं. आम्हा गादीवाल्यांची शेवटची गाठ प्रत्येकाची वेगळी असते, सहीसारखी. मी दुहेरी पिळाची मारतो. ती जशीच्या तशी होती. कुणी सोडलेली नव्हती, कुणी बदललेली नव्हती. मला सोडवेल असं तेच एक होतं, आणि त्यांनी ते नेमकं उलटं वाचलं.

"गाठ तुझी, जवस तुझं. भरतानाच घातलंस तू हे. का रे? या श्रीमंतांचा राग येतो? मलापण येतो. पण माझ्या कामात थुंकायचं?"

तेव्हा सांगायला हवं होतं—मेस्त्री, काथ्या जुना आहे. पण ते म्हणजे मी आज्ञा मोडली, वर खोटं बोललो. थुंकणारा आणि खोटारडा! दोन्ही मिळून मला दाराबाहेर काढायला पुरे होतं. मी गप्प बसलो. त्यांनी तो सगळा काथ्या स्वतःच्या समोर जाळायला लावला. जळताना धूर नाही आला फार... नुसती चरचर, तव्यावर लाळ पडावी तशी. सोफ्यात फोम भरला.

मावशींनी माझ्यासाठी रदबदली केली. "परक्या मुलुखात राहून पोरगं बावरलंय. एकदा माफ कर." मेस्त्रींनी माफ केलं. मी जे केलं नव्हतं त्याची माफी मिळाली आणि जे केलं होतं ते मावशींच्या स्टुलावर तसंच राहिलं.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही उचललीस ती गादी? खरं सांगतो, मी मनाला पटवलं होतं. सोफ्यातलं उंदरांचं. जवस माझ्याच हाताला चिकटून गेलं असेल. सातवी नापास माणूस मनाची समजूत घालण्यात मात्र फार हुशार असतो.

नारळी पौर्णिमा झाली. बोटी पाण्यात गेल्या. मावशींकडे शिवणाचं काम वाढतच गेलं, कारण कामत साहेबांना आता नॅपकिन, पडदे, टेबलक्लॉथ पण हवे होते. मशीन सोडायला वेळ नसायचा, म्हणून ताट मांडीवर घेऊन त्या तिथंच जेवायच्या. आणि बारीक व्हायला लागल्या.

आधी बांगड्या सैल झाल्या. मग गळ्याची हाडं दिसायला लागली. खायच्या भरपूर—एरवीपेक्षा दुप्पट. "भूक मरतच नाही रे," म्हणायच्या. डॉक्टर झाले, रक्त तपासलं, फोटो काढले. ताकदीच्या लाल कॅप्सूल दिल्या. शेजारणी येऊन दाराशीच थांबायच्या, आपसात त्यांच्या बोलीत कुजबुजायच्या, ती मला समजत नसे. पण तोंडावरचे भाव कळायचे. शेवटी मुंबईच्या मोठ्या डॉक्टरने सांगितलं, काही सापडत नाही, पोट उघडून बघू. सोमवारी या.

मेस्त्री त्या आठवड्यात म्हातारे झाले. शेडमध्ये सुई ओवता येईना त्यांना.

शनिवारी दुपारी कामत साहेब आले. पांढरे बूट तसेच. मला वाटलं, कौतुक करायला आले. ते वैतागलेले होते.

"मेस्त्री, त्या कोपऱ्यातल्या सोफ्यात तुम्ही काय भरलंत?"

"फोम. उत्तम फोम आहे साहेब. वास येतो का?"

"वास नाही हो! तोच प्रॉब्लेम आहे. पूर्वी गेस्ट तिथं बसला की सूप, चिकन, मग परत चिकन, परत मासे... वेटर दमायचे. गेस्ट खूश. जेवढं खाऊ तेवढं कमीच, म्हणायचे. आता बघावं तर सूप पितात, पोटावर हात फिरवतात आणि डेकवर हवा खायला जातात. जुना भराव कुठाय? तो असेल तर मी तिन्ही बोटींत घालतो."

"जाळला," मेस्त्री म्हणाले. त्यांचं लक्षच नव्हतं.

"अरेरे," कामत साहेब म्हणाले. "थोडासुद्धा नाही उरला?"

हे विचारताना ते माझ्याकडे बघत होते. हसत होते. त्यांना काय माहीत होतं, किती माहीत होतं, मला आजही ठाऊक नाही. पण त्या हसण्याइतकी किळस मला त्या घासांचीही आली नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर मावशींचं स्टूल उभं राहिलं.

रविवारी सकाळी दोघं चर्चमध्ये मिसाला गेली. मी घरात एकटा. मशीनपाशी गेलो, गादी उचलली. हातातून सुटलीच! केली तेव्हा मांजराच्या पिल्लाएवढी हलकी होती. आता ओल्या पोत्यासारखी जड. खालून हात लावला तर कोमट. चुलीत निखारे होते. मनात आलं, टाक आत. कुणाला कळणार नाही. राख होईल, मावशी बऱ्या होतील आणि तुझं पातेलं जागेवर राहील.

चुलीपर्यंत गेलो मी. खोटं कशाला बोलू.

पण मग सोमवार आठवला. गादी जाळून मी गप्प राहिलो असतो, तर डॉक्टर उद्या त्यांचं पोट चिरणारच होता. आत काहीच नसलेलं पोट. ते थांबवायचं तर तोंड उघडायला हवं होतं.

गादी घेऊन मी ओट्यावर बसून राहिलो. तासाभराने दोघं आली. मावशी मेस्त्रींच्या दंडाला धरून, सणाचं लुगडं अंगावर पोत्यासारखं लोंबत.

"मेस्त्री," मी म्हणालो, "कात्री द्या. आणि मला काय बोलायचं ते बोला, पण आधी हे बघा."

"काय झालं रे?"

"सोफ्याचा जुना काथ्या मी सगळा जाळला नव्हता. धुऊन परत घातला. नवा म्हणून सांगितलं ते खोटं. उरलेला यात आहे."

मेस्त्रींना काही समजलं नाही. मीच पानं कापायचा कोयता घेतला आणि गादी आडवी चिरली.

काथ्या दिसतच नव्हता. घासच घास. एकावर एक, थर लावून. तळाशी वाळलेले, काळे. त्यावर भात, शेवग्याच्या शेंगांचा चोथा, केळी, मासळीचे काटे, रविवारी मावशी तळायच्या त्या पिठाच्या फुग्यांचे गोड तुकडे. महिन्या-दोन महिन्यांचं जेवण. सगळं चावलेलं, लाळेने चकाकणारं. वास अंगणभर पसरला. कावळे कुंपणावर आले, पण एकही खाली उतरला नाही.

मेस्त्रींनी तोंडावर हात दाबला. माझी खात्री झाली, आता म्हणणार—हेही तूच भरलंस. गाठी माझ्याच होत्या ना.

तेवढ्यात मावशी वाकल्या. वरच्या ओल्या थरातून दोन बोटांनी काहीतरी उचललं. लाल कॅप्सूल. थोडी विरघळलेली, एका टोकाला चिकट. तशाच आणखी दिसायला लागल्या. चार, पाच, सात.

"ही सकाळची," मावशी हळूच म्हणाल्या. "मिसाला जायच्या आधी, इथं मशीनवर बसूनच घेतली. तूच पाणी दिलंस पास्कल. तुझ्यासमोर गिळली मी."

मेस्त्रींनी मान हलवली. कारण ते खरं होतं. थुंकलेला घास कुणीही कुठंही ठेवू शकतो. गिळलेली गोळी काढून आणता येत नाही.

ते अंगणाच्या टोकाला जाऊन ओकले. परत आले ते रॉकेलचा डबा घेऊनच. "तू लांब हो," एवढंच मला म्हणाले. स्वतः जाळलं. शेवटचा धागा राख होईपर्यंत उभे राहिले. पुन्हा ती चरचर. मी माझी वळकटी बांधायला पडवीत गेलो.

आतून मावशींचा आवाज आला. "जेवायला वाढते आहे. कुठं निघालास?"

जमिनीवर पाट मांडले होते. त्यांनी स्वतःला मूठभर भात घेतला, वर नुसतं वरण. आम्ही दोघं न जेवता बघत बसलो, मूल पहिल्यांदा खातं तेव्हा बघतात तसं. अर्धं ताट झालं आणि मावशी थांबल्या. छातीवर हात ठेवला. मेस्त्री घाबरून उठायला लागले.

मावशींनी ढेकर दिला. मोठा, लांब, बाप्यांनाही लाजवेल असा.

"भरलं रे," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. "देवा माझ्या... भरलं पोट."

सोमवारी ते मुंबईला गेले नाहीत. आठ दिवस बघू म्हणाले. आठ दिवसांत गालावर मांस आलं, नाताळपर्यंत बांगड्या परत घट्ट झाल्या. पुढे कितीतरी वर्षं मावशी ठणठणीत होत्या.

मेस्त्रींनी मला काढलं नाही. त्यांना जे बोलायचं होतं ते सहा-सात दिवसांनी, सुईत दोरा ओवता ओवता बोलले. "जाळ म्हटलं होतं ना तुला." बस. पण त्यानंतर काहीही जाळायचं असलं की ते स्वतः उभे राहायचे. मला ते लागायचं, आणि लागायलाच हवं होतं.

हे काय होतं? मला माहीत नाही. शिकलेल्या दोन-तीन जणांना विचारलं. एकजण म्हणाला बुरशी, एकजण म्हणाला मनाचा आजार, त्यात माणूस गिळल्यासारखं करतो आणि लपवतो. असेल. पण माझी गाठ मी ओळखतो, ती कुणी सोडली नव्हती. आणि त्या कॅप्सूलचं उत्तर कुणाकडे नाही. तो सोफा आधी कुठल्या जहाजावर होता, त्यावर कोण बसून काय खात होतं, कोण उपाशी राहिलं होतं... काहीच कळलं नाही. कामत साहेबांनी पुढच्या वर्षी काम दुसऱ्यांना दिलं.

माझं आता स्वतःचं दुकान आहे. जुना काथ्या मी परत वापरत नाही, कितीही सोन्यासारखा असो. आणि जेवतो जमिनीवर बसून. खिळ्याची खूण असलेलं ते पातेलं माझ्या घरी आहे, मावशींनीच दिलं. जेवण झालं की मी ढेकर येईपर्यंत उठत नाही. बायको म्हणते, पाहुण्यांसमोर तरी असं करू नका हो.

ती म्हणते ते बरोबर आहे. पण घास खाली पोचलाय, माझ्यातच राहिलाय, एवढं कळल्याशिवाय पाटावरून उठायचं मला धाडस होत नाही.